आपांचा सत्कार करायचा असेल तर आधी त्यांचा वर्ग उघडा

मा. अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त यांस,

अस्सलामु अलैकुम.

याच महिन्यात संस्थेतून दोन कागद बाहेर पडले. एक वर्धापनदिनाची निमंत्रणपत्रिका. तीत लिहिलंय, 'मुलींवर उत्तम संस्कार करणाऱ्या ज्येष्ठ शिक्षिकेचा शाल आणि मानपत्र देऊन सत्कार'. दुसरा कागद शाळेच्या नोटीस बोर्डावर लागला आणि त्याचा फोटो माजी विद्यार्थिनींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत माझ्यापर्यंत आला. त्यानुसार महिलांचा दुपारचा वर्ग इमारतीच्या सुरक्षेच्या कारणावरून बंद करण्यात येतोय, तळमजल्यावरची ती खोली जूनपासून खासगी शिकवणीला भाड्याने जाणार आहे आणि यापुढे शाळेच्या आवारात 'कौटुंबिक व शरई वादाचे विषय', म्हणजे घरचे आणि शरियतशी संबंधित वाद, कोणी काढायचे नाहीत. दोन्ही कागदांवर सही एकच आहे, अध्यक्षसाहेबांची.

सत्कार आहे तो आमच्या आपांचा, आणि बंद होतोय तो वर्गही आपांचाच. शाळेतली नोकरी हे त्यांचं अर्धं काम. उरलेलं अर्धं त्या खोलीत चालत आलं आणि निवृत्तीनंतरही थांबलं नाही. ते वजा केलं तर आपांबद्दल मानपत्रात खरं असं फारसं काही लिहिता येणार नाही. हे तुम्हाला बंद दाराआड सांगून बघितलं. आता सगळ्यांसमोर सांगते आहे.

संस्थेचं नाव मी लिहीत नाही. तुम्हाला ते सांगायची गरज नाही, आणि इतरांनी नाव शोधत बसण्यापेक्षा मुद्दा वाचावा. पत्र उर्दूत न लिहिता मराठीत लिहिलंय, त्यालाही कारण आहे. ते पुढे येईलच.

माझा या सगळ्याशी काय संबंध, ते आधी सांगते.

आम्ही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. वडील गोदीत कामाला, म्हणून बिऱ्हाड डोंगरीत. घरात कोकणी, गल्लीत हिंदी, शाळेत उर्दू. सातवीत आपा वर्गशिक्षिका झाल्या. मी दोन-चार दिवस शाळेत दिसले नाही की आपा थेट घरी यायच्या. अशाच एकदा आल्या तेव्हा आई जमिनीवर बसून रेडिमेड शर्टांचे धागे कापत होती. गठ्ठ्यामागे पैसे मिळायचे आणि गठ्ठे देणारा माणूस वहीत तिचा अंगठा घ्यायचा. आपांनी ती वही मागून घेतली, पान उलटलं आणि आईला विचारलं, "इथे किती गठ्ठे लिहिलेत, माहीत आहे?" आईला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आई दुपारच्या वर्गाला जायला लागली.

वर्गाची वेळ आपांनी बायकांच्या दिवसावरून ठरवली होती. जोहरची म्हणजे दुपारची नमाज आणि जेवणं आटोपली की सुरू, असरच्या म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेच्या आत घरी. पोरं शाळेत, नवरे कामावर, चूल थंड. त्या मधल्या वेळात डोंगरी, नूरबाग, इमामवाडा, पार माझगावपासून बायका यायच्या. काही बुरख्यात, काही डोक्यावर पदर घेऊन, काहींच्या कडेवर पोर. आई तिथे आधी स्वतःचं नाव लिहायला शिकली, मग आकडे शिकली, आणि गठ्ठ्यांची वही स्वतः लिहायला लागली. त्या महिन्यापासून घरात येणारे पैसे वाढले. मजुरी तीच होती, फक्त आता हिशेब बरोबर होत होता.

निकाहनाम्याचा दिवस मी स्वतः पाहिलाय, कारण शाळा सुटल्यावर मी आईला घ्यायला त्या खोलीत जायची. आपांनी प्रत्येकीला आपापला निकाहनामा घेऊन यायला सांगितलं होतं. निम्म्याहून जास्त बायकांना तो कुठे आहे हेच ठाऊक नव्हतं. कुणाचा सासरच्या पेटीत, कुणाचा काझीच्या दफ्तरात, कुणाचा पावसात भिजून गेलेला. आईचा होता, प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर विरलेला. आपांनी तिचं बोट धरून एकेका ओळीवर फिरवलं. दूल्हा, दुल्हन, वकील, दोन गवाह. मग मेहेर, म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला द्यायची ठरलेली रक्कम : 127 रुपये, उधार. आई थांबली. "म्हणजे मला मिळालेच नाहीत?" आपा म्हणाल्या, "नाही मिळाले. बाकी आहेत. तुझे आहेत, मागशील तेव्हा द्यावे लागतात." आईनं वडिलांकडे ते कधी मागितले नाहीत. पण माझ्या मोठ्या बहिणीच्या निकाहाची बोलणी बसली, तेव्हा पडद्यामागे न थांबता ती पुरुषांच्या बैठकीत येऊन बसली आणि मेहेरचा आकडा तिनं स्वतः सांगितला. निम्मा तिथल्या तिथे, निम्मा नंतर, आणि तो कागदावर लिहून. आमच्या खानदानात असं आधी झालं नव्हतं. त्यानंतर मात्र प्रत्येक निकाहात झालंय.

आता मराठीबद्दल. आमच्या चाळीतल्या एका बाईला नवऱ्यानं बेदम मारलं. तिनं पोलिस चौकीत जाऊन जबाब दिला, खाली सही केली आणि घरी आली. काही दिवसांनी जबाबाची नक्कल आपांनी वाचली तर त्यात घरगुती किरकोळ कुरबूर एवढंच लिहिलेलं. बाई उर्दू वाचायची, जबाब होता मराठीत. त्या आठवड्यापासून आपांनी वर्गात मराठी सुरू केलं. त्यांचा नियम होता, जबाब वाचल्याशिवाय सही करायची नाही. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगायचं, आणि जे बोललो ते लिहिलेलं नसेल तर लिहायला लावायचं. रेशनकार्ड, महापालिकेची नोटीस, शाळेचा दाखला, भाड्याची पावती, या राज्यातले बाईच्या आयुष्यावर परिणाम करणारे बहुतेक कागद मराठीत असतात. मी तेव्हा नुकतीच दहावी झाले होते. माझं मराठी बरं होतं, म्हणून आपांनी मला फळ्यासमोर उभं केलं. आज मी एका माध्यमिक शाळेत मराठीची शिक्षिका आहे. माझी नोकरी त्या खोलीत सुरू झाली.

या शहरात आपा एकट्या उगवलेल्या नाहीत, हेही तुम्ही लक्षात घ्यायला हवं. 1874 साली अंजुमन-ए-इस्लाम उभी करणाऱ्यांत अग्रभागी असलेल्या बद्रुद्दीन तय्यबजींनी आपल्या मुलींनाही शिकवलं. 1906 मध्ये अतिया फैजी शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला मुंबईहून लंडनला गेल्या. कुलसुम सयानी यांनी तर प्रौढ बायकांना लिहायला-वाचायला शिकवण्यात आयुष्य घातलं. ज्यांना नुकतंच वाचता यायला लागलंय अशांसाठी त्यांनी 1940 पासून 1960 पर्यंत 'रहबर' हे पाक्षिक चालवलं. भाषा साधी हिंदुस्थानी, आणि मजकूर नागरी, उर्दू व गुजराती अशा तिन्ही लिप्यांत. अमीन सयानींचा आवाज सगळ्या देशाला ठाऊक आहे. त्यांच्या आईनं, म्हणजे याच कुलसुमबाईंनी, पद्मश्री मिळेपर्यंत या शहरात काय काम केलं, ते मात्र आपल्या शाळेतल्या मुलींना आपांनी सांगितलं म्हणून कळलं. 'रहबर'चे थोडे जुने अंक आपांनी जपून ठेवलेत. ते त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात आहेत. कपाटाबद्दल पुढे बोलायचंच आहे.

आणि 18 एप्रिल 1966. समाजसुधारक हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम बायका मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाची चाल बंद करण्याची. फक्त सात जणी. आपा तेव्हा कॉलेजात होत्या, मोर्चात नव्हत्या. त्या सांगायच्या, "सात जणी गेल्या हे वर्तमानपत्रात वाचलं आणि ठरवलं, आपण शिक्षिका व्हायचं. सातच्या सत्तर व्हायच्या तर आधी बायकांना वाचता यायला हवं." दलवाईंची सगळी मतं आपांना पटायची असं नाही. आपा पाच वेळच्या नमाजी. दीन सोडून हक्क मागायचे नाहीत, दिनातले हक्कच आधी मागायचे, अशी त्यांची भूमिका कायम राहिली. मेहेर, खुला म्हणजे बायकोनं मागितलेला तलाक, वारसाहक्कातला वाटा, निकाहाला मुलीची मर्जी, हे सगळं त्या किताबावर बोट ठेवून शिकवायच्या. 'शरई वादाचे विषय' हे शब्द नोटिशीत लिहिताना तुम्ही कुणाला गप्प करताय याचा विचार व्हायला हवा होता.

आता एकेक तक्रार.

पहिली खोलीची. सुरक्षेचं कारण मला समजत नाही. इमारत धोकादायक असेल तर त्याच खोलीत जूनपासून शिकवणीची पोरं कशी बसणार? आणि धोकादायक नसेल तर कारण दुसरं आहे, ते कागदावर यायला हवं. दुसरं कारण कुजबुजीत ऐकू येतं : 'हा वर्ग घरं मोडतो.' मी त्या वर्गात बसलेय, शिकवलंय. तिथे येणाऱ्या बायकांना घर हवं असायचं. मारहाण थांबलेलं घर, खर्चाला पैसे मिळणारं घर, रेशनकार्डावर आपलं नाव असलेलं घर. आपांनी कितीतरी नवऱ्यांना बोलावून समोर बसवलं, समेट घडवले. जिथे समेट शक्य नव्हता तिथे बाईला रिकाम्या हातानं बाहेर पडू दिलं नाही. पैशांची गरज असेल तर तेही समजू शकते. संस्था चालवायला पैसा लागतो. पण मग तसं सांगा, माजी विद्यार्थिनी पैसे उभे करतील. आमच्यात आज डॉक्टर आहेत, वकील आहेत, आखातात नोकरी करणाऱ्या आहेत, शिवणकामावर घर चालवणाऱ्याही आहेत. आम्हाला एका शब्दानं कुणी विचारलं नाही.

दुसरी तक्रार त्या मनाईची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात गंभीर.

1985 मध्ये शाहबानो निकाल आला तेव्हा मी सातवीत होते. इंदूरची म्हातारी बाई, तलाक दिलेली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं तिला महिना 179 रुपये 20 पैसे पोटगी ठरवून दिली होती आणि सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. केवढं वादळ उठलं, ते तुमच्यातल्या वयस्कर मंडळींना आठवत असेल. आपांनी स्टाफ रूममध्ये सांगितलं की निकाल बरोबर आहे, म्हाताऱ्या बाईला रस्त्यावर सोडा असं आपला दीन सांगत नाही. झालं, पालकांचं शिष्टमंडळ आलं, आपांना काढा म्हणून. तेव्हाचे अध्यक्ष जुन्या वळणाचे होते. त्यांनी आपांना बोलावून सांगितलं, "तुमचं मत मला पटत नाही. पण वर्ग चालू राहील." आणि वर्ग चालू राहिला. त्या गृहस्थांबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. मतभेद असताना त्यांनी दार बंद केलं नाही. तुमच्यापैकी कोणी आपांशी मतभेद असल्याचं समोर येऊन बोललाही नाहीत, आणि दार बंद झालं.

त्यानंतर कायदा किती वेळा बदलला बघा. मुस्लिम बायकांच्या तलाकनंतरच्या हक्कांचा 1986 चा कायदा आला आणि बायकांना वाटलं, पोटगी इद्दतीच्या, म्हणजे तलाकनंतर पुन्हा निकाह करण्याआधी थांबायच्या मुदतीच्या, तीन महिन्यांपुरतीच. 2001 मध्ये दानियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की नवऱ्यानं बाईच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद करायची, आणि ती इद्दतीच्या मुदतीत करायची. 2002 मध्ये आधी दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं, मग शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसतं 'तलाक दिला' म्हटल्यानं तलाक होत नाही. कारण लागतं, समेटाचा प्रयत्न लागतो, आणि हे सगळं सिद्ध करावं लागतं. 22 ऑगस्ट 2017 ला एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरला. 2019 मध्ये त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद ठेवणारा कायदा झाला. आणि जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा बजावलं की तलाकशुदा मुस्लिम बाईलाही इतर बायकांसारखी फौजदारी संहितेखाली पोटगी मागता येते.

यातलं प्रत्येक पाऊल आपांनी त्या खोलीत समजावून सांगितलं. फळ्यावर तारीख, खाली चार ओळी. 2017 च्या निकालानं त्यांना आनंद झाला. 2019 च्या कायद्यातली कैद त्यांना पटली नाही, आणि तेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं : "माणूस तुरुंगात गेला तर बाई आणि पोरांना खर्च कोण देणार?" आपल्या बायकांचा कळवळा दाखवून आपल्याच वस्तीला शिव्या देणाऱ्यांनाही त्यांनी कधी जवळ केलं नाही. दोन्ही बाजूंनी बोलणी खाल्ली, पण बाईच्या बाजूनं बोलणं सोडलं नाही. असं माणूस ज्या संस्थेला लाभलं तिनं त्याचं बोलणं 'वादाचे विषय' म्हणून बाजूला सारावं, याचं मला फार वाईट वाटतं.

मनाईचा परिणाम काय होणार, तोही सांगते. निकाल दिल्लीत लागतो. बाई डोंगरीत राहते. मधलं अंतर कुणीतरी चालून जावं लागतं. 2024 चा निकाल ठाऊक नसलेल्या बाईला आजही कोणी सांगेल की तीन महिन्यांचे पैसे घे आणि गप्प बस, आणि ती गप्प बसेल. मुस्लिम विवाह मोडण्याबाबतच्या 1939 च्या कायद्यानं नवऱ्यानं दोन वर्षं खर्च दिला नाही किंवा चार वर्षं त्याचा पत्ता नाही तर बाईला कोर्टातून निकाह मोडून घेता येतो. इतका जुना हक्क, पण नवरा पळून गेल्यावर अडकून पडलेल्या बायका त्या वर्गात येईपर्यंत तो त्यांच्या कानावर आलेला नसायचा. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याला धर्म नाही. मुस्लिम बाईलाही त्याखाली राहत्या घरातून कायदेशीर प्रक्रियेशिवाय हुसकता येत नाही. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात जायचं कसं, कुठले कागद घ्यायचे, मोफत वकील कुठे मिळतो, हेही त्याच खोलीत कळायचं. आता कुठे कळणार?

तिसरी तक्रार कपाटाची, आणि ती सगळ्यात तातडीची आहे. नोटीस लागली त्याच दिवशी खोलीला नवं कुलूप लागलं. आत आपांचं लोखंडी कपाट आहे. त्यात बायकांनी विश्वासानं ठेवायला दिलेले कागद आहेत : निकाहनामे, मेहेरच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, पोरांचे जन्मदाखले, कुणाचं बँकेचं पासबुक. घरी ठेवले तर फाडले जातील किंवा लपवले जातील, म्हणून ते आपांकडे दिलेले. शिवाय आपांची रजिस्टरं आहेत, त्यांत कोण बाई कुठल्या अडचणीत आली आणि पुढे काय झालं याच्या नोंदी आहेत. ही त्या बायकांची खासगी गोष्ट आहे. संस्थेचा त्यावर कसलाही अधिकार नाही. एका मुलीची पोटगीची तारीख तोंडावर आली आहे आणि तिचा मूळ निकाहनामा तुमच्या कुलपाआड आहे. तिनं ऑफिसात विचारलं तर 'साहेब आल्यावर बघू' असं उत्तर मिळालं.

चौथी, अकरावी-बारावीची. मुलींच्या विभागात दहावीनंतर वर्ग नाहीत. मुलांच्या विभागाला ज्युनियर कॉलेज होऊन कितीतरी वर्षं झाली. 'पुढच्या वर्षी मुलींचं' असं प्रत्येक वर्धापनदिनाला व्यासपीठावरून सांगितलं जातं. शिक्षणहक्क कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंत, वयाच्या चौदा वर्षांपर्यंत. त्यापुढे मुलगी शिकणार की नाही हे घर ठरवतं, आणि घर आधी शाळा किती लांब आहे ते बघतं. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात लांबचं कॉलेज लागलं की आमच्याकडे बाप म्हणतो, राहू दे. ही वाक्यं मी शिक्षिका म्हणून दर जूनमध्ये ऐकते. आपांनी यासाठी संस्थेला अर्जावर अर्ज केले. त्यांच्या सत्काराला खर्च होणारे पैसे त्यांना विचारून खर्च केले असते, तर त्यांनी काय मागितलं असतं हे तुम्हाला नक्की कळलं असतं.

पाचवी मानपत्राच्या मजकुराची. तो ग्रुपवर आला, मी वाचला. शिस्त, संस्कार, सेवा, त्याग. सगळं खरं. हक्क हा शब्द कुठेच नाही. दुपारच्या वर्गाचा उल्लेख नाही. 3 जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंची जयंती होते, मुली फातिमा शेख यांच्यावर भाषणं करतात, तुम्ही बक्षिसं देता. त्या दोघींनी ज्या विरोधाला तोंड देत शिकवलं त्याच विरोधाला आपांनी तुमच्याच आवारात तोंड दिलंय. भाषण करणाऱ्या मुलीला हे कळू देण्यात अडचण काय आहे?

आपांना मी भेटून आले. हे पत्र त्यांनी लिहायला सांगितलेलं नाही. मी लिहिणार आहे एवढं त्यांना सांगितलं. गुडघ्यांनी त्या हैराण आहेत, डोळ्यांचं एक ऑपरेशन झालंय. सत्काराबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. "वर्गातल्या बायकांना निरोप कोणी दिला का? त्या दुपारी येऊन परत जात असतील," एवढंच त्यांनी विचारलं. कुणी दिला नव्हता. आता आम्ही देतोय, आणि तात्पुरती एका माजी विद्यार्थिनीच्या घरी बसायची सोय केली आहे. दहा बाय बाराच्या खोलीत जितक्या मावतील तितक्या बसतात.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

कपाट आठ दिवसांत आपांच्या किंवा त्या सांगतील त्या व्यक्तीच्या समोर उघडावं आणि त्यातला प्रत्येक कागद ज्या बाईचा आहे तिला सही घेऊन परत द्यावा. रजिस्टरं कुणीही न चाळता आपांच्या ताब्यात द्यावीत.

महिलांचा वर्ग त्याच खोलीत, त्याच वेळेला पुन्हा सुरू करावा. दुपारचे ते दोन-अडीच तास सोडून खोली दुसऱ्या कामाला वापरायला आमची हरकत नाही. शिकवणीशी झालेला करार आम्हाला बघायला मिळावा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार ट्रस्टची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. ती घेतली आहे का, हे लेखी सांगावं.

'कौटुंबिक व शरई वादाचे विषय' काढू नयेत, ही ओळ नोटिशीतून मागे घ्यावी. तुम्हाला भीती असेल की चुकीचं सांगितलं जाईल, तर एखादा आलिम म्हणजे धर्माचा जाणकार आणि एखादी वकील बाई, दोघांना महिन्यातून एकदा वर्गात बोलवा. आपांनी हे पूर्वी केलेलंच आहे आणि त्यात वर्गाचा फायदाच झाला.

मुलींच्या अकरावीचा प्रस्ताव याच वर्षी सरकारकडे पाठवावा आणि पाठवल्याची पोच माजी विद्यार्थिनींना दाखवावी.

मंडळावर किमान दोन बायका घ्याव्यात. मुलींची शाळा आहे, आणि तिचे निर्णय घेणाऱ्या टेबलाशी आजवर एकही बाई बसलेली नाही.

मानपत्र पुन्हा लिहावं. मजकूर आम्ही देऊ. त्यात दुपारचा वर्ग असेल, 1985 साल असेल आणि त्यांनी स्वतः वाचायला शिकवलेल्या बायकांच्या सह्या असतील.

तुमच्यातले तिघे-चौघे मला लहानपणापासून ओळखतात. एकांची मुलगी माझ्याबरोबर आपांच्याच वर्गात होती. तुमच्याशी भांडण्यात मला काहीही मिळवायचं नाही. या शाळेनं मला माणूस केलं, आणि ती चांगली चालावी म्हणूनच लिहितेय. तुम्ही वेळ द्याल तेव्हा आम्ही आठ-दहा जणी भेटायला येऊ. बोलणं शांतपणे होईल, पण त्याचं इतिवृत्त लिहिलं जाईल आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या होतील. वाचून केलेल्या सह्या.

वर्धापनदिनाच्या आधी लेखी उत्तर मिळावं. न मिळाल्यास त्या दिवशी आम्ही आपांबरोबर सभागृहात येऊ, आणि या मागण्या आपांच्या परवानगीनं व्यासपीठावरून वाचल्या जातील.

आपली,
शाळेची एक माजी विद्यार्थिनी
माझगाव, मुंबई